न्यूयॉर्क वर्ल्ड
न्यूयॉर्क शहरातून १८६० ते १९३१ या कालावधीत प्रसिद्ध होणारे एक अमेरिकन दैनिक. ‘वर्ल्ड’ या संक्षिप्त नावानेच ते सामान्यतः ओळखले जाई. जोसेफ पुलित्झर (१८४७–१९११) याच्या मालकीखाली हे पत्र अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या दैनिकांपैकी एक बनले. आधुनिक लोकप्रिय पत्रकारितेची बरीचशी वैशिष्ट्ये याच पत्रातून रूढ झाली. मोठे व ठसठशीत मथळे, भरपूर चित्रे, रविवारची जाडजूड पुरवणी, रंगीत विनोदी चित्रमालिका, वाचकांच्या वर्गणीतून चालविलेल्या मोहिमा आणि शब्दकोडे ही त्यांपैकी काही. पीतपत्रकारितेचा दोष जसा या पत्राच्या माथी येतो, तसाच निर्भीड शोधपत्रकारितेचा मानही त्याच्याकडे जातो. एकाच पत्राच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, हेच त्याच्या अभ्यासाचे मुख्य महत्त्व होय.

पूर्वेतिहास : अलेक्झांडर कमिंग्ज याने जून १८६० मध्ये हे पत्र सुरू केले. आरंभी त्याचे स्वरूप धार्मिक वळणाचे होते. गुन्हेगारीच्या बातम्या आणि नाटकांच्या जाहिराती छापावयाच्या नाहीत, असे त्याचे धोरण होते. शुद्ध आचाराचे हे पत्र एका सेंटास विकले जाई. परंतु त्याला पुरेसा वाचकवर्ग लाभला नाही. १८६१ मध्ये ‘कुरिअर अँड एन्क्वायरर’ हे जुने पत्र त्यात विलीन झाले आणि १८६२ मध्ये मँटन मार्बल हा त्याचा संपादक झाला. मार्बलच्या कारकीर्दीत ‘वर्ल्ड’ डेमॉक्रॅटिक पक्षाचे मुखपत्र बनले व यादवी युद्धाच्या काळात अध्यक्ष लिंकन यांच्या धोरणांवर त्याने सतत टीका केली. मे १८६४ मध्ये चार लाख नवे सैनिक भरती करण्याविषयीचा एक जाहीरनामा लिंकन यांच्या नावाने या पत्रात व ‘जर्नल ऑफ कॉमर्स’ या दुसऱ्या पत्रात छापला गेला. हा जाहीरनामा बनावट होता. सोन्याच्या सट्ट्यात लाभ व्हावा, म्हणून जोसेफ हॉवर्ड नावाच्या एका पत्रकाराने तो रचला होता. सरकारने दोन्ही पत्रांची कार्यालये लष्कराकरवी ताब्यात घेतली. फसवणूक उघडकीस आल्यावर काही दिवसांनी ती परत करण्यात आली. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या अमेरिकन इतिहासात या घटनेचा उल्लेख आवर्जून केला जातो.

मार्बलने १८७६ मध्ये हे पत्र पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा चालक थॉमस स्कॉट यास विकले. स्कॉटकडून १८७९ मध्ये ते जे गूल्ड या धनाढ्य रेल्वेमालकाकडे गेले. गूल्डच्या हाती वृत्तपत्र असणे म्हणजे भांडवलदाराच्या हाती लोकमताची सूत्रे असणे, असा लोकांचा समज होता. त्यामुळे पत्राची प्रतिष्ठा खालावली, खप उतरला व दरसाल सु. ४०,००० डॉलरचा तोटा होऊ लागला.

पुलित्झरचे आगमन : पुलित्झरचा जन्म हंगेरीतील माको या गावी झाला. १८६४ मध्ये तो यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढण्यासाठी भरती होऊन अमेरिकेस आला. युद्धानंतर सेंट लूइस येथे त्याने ‘वेस्टलिश पोस्ट’ या जर्मन भाषेतील पत्रात बातमीदारी केली आणि १८७८ मध्ये दिवाळ्यात निघालेले ‘डिस्पॅच’ हे पत्र विकत घेऊन त्यातून ‘पोस्ट-डिस्पॅच’ हे यशस्वी दैनिक उभे केले. १० मे १८८३ रोजी त्याने ३,४६,००० डॉलर किंमत ठरवून हप्त्यांच्या कराराने ‘वर्ल्ड’ हे पत्र गूल्डकडून खरेदी केले. त्या वेळी त्याचा खप सु. १५,००० इतकाच होता.

न्यूयॉर्कची लोकसंख्या त्या काळी झपाट्याने वाढत होती. युरोपातून येणारे स्थलांतरित, कारखान्यांतील मजूर, दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रिया यांना परवडेल व समजेल असे पत्र हवे होते. प्रतिष्ठित पत्रे लांबलचक स्तंभांत बारीक टाइपात मजकूर देत. पुलित्झरने आपल्या पत्राची किंमत दोन सेंट ठेवली, वाक्ये आटोपशीर व भाषा सोपी ठेवली आणि पहिल्या पानावर मानवी सुखदुःखाच्या बातम्यांना स्थान दिले. गुन्हे, अपघात, अब्रूची प्रकरणे यांबरोबरच गलिच्छ चाळींतील जीवन, मक्तेदार कंपन्यांची लूट व नगरपालिकेतील लाचलुचपत यांविषयीही तो तितक्याच आवेशाने लिहवून घेई. भडक बातमीने वाचक जमवावा व जमलेल्या वाचकास अग्रलेखातून राजकीय शिक्षण द्यावे, अशी त्याची धारणा होती. पहिल्या पानाचा गवगवा व अग्रलेखाचे गांभीर्य यांतील हे अंतर अखेरपर्यंत टिकून राहिले. जॉन कॉकरिल हा या काळातील त्याचा प्रमुख सहकारी होता.

परिणाम त्वरित दिसून आला. प्रतिस्पर्धी ‘टाइम्स’, ‘हेरल्ड’ व ‘ट्रिब्यून’ या पत्रांनी आपल्या किंमती उतरविल्या, तरीही ‘वर्ल्ड’चा खप १८८४ मध्येच एक लाखापर्यंत पोहोचला. तो प्रसंग सिटी हॉलसमोरील बागेत तोफांचे शंभर बार काढून साजरा करण्यात आला. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत या पत्राने ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचा पुरस्कार केला. प्रतिस्पर्धी उमेदवार जेम्स ब्लेन हे धनिकांच्या मेजवानीत बसले आहेत आणि दारात भुकेले कुटुंब याचना करीत आहे, असे वॉल्ट मॅक्डूगल याचे व्यंगचित्र निवडणुकीच्या काही दिवस आधी पहिल्या पानावर प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यात क्लीव्हलंड यांना जेमतेम हजार-अकराशे मतांचे आधिक्य मिळाले व त्यावर त्यांचे अध्यक्षपद निश्चित झाले. दैनिकातील राजकीय व्यंगचित्राच्या सामर्थ्याचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. १८८७ मध्ये ‘ईव्हनिंग वर्ल्ड’ हे सायंदैनिकही सुरू झाले.

लोकवर्गणी व शोधवार्ता : फ्रान्सच्या जनतेने अमेरिकेस भेट दिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासाठी चौथरा बांधण्याचे काम १८८५ च्या सुमारास पैशांअभावी थांबले होते. अमेरिकेच्या काँग्रेसने अनुदान दिले नाही व शहरातील श्रीमंतांनीही हात आखडता घेतला. पुलित्झरने १६ मार्च १८८५ पासून आपल्या पत्रातून सामान्य जनतेला आवाहन केले. देणगी कितीही लहान असली, तरी देणाऱ्याचे नाव छापण्याचे आश्वासन त्याने दिले व ते पाळले. शाळकरी मुलांनी साठविलेले सेंट, मजुरांनी रोजंदारीतून काढलेली रक्कम, अशा देणग्यांच्या याद्या दररोज प्रसिद्ध होऊ लागल्या. ऑगस्टपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास लोकांकडून सु. १,०२,००० डॉलर जमा झाले. त्यांपैकी बहुसंख्य देणग्या एक डॉलरपेक्षाही कमी होत्या. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले. या मोहिमेमुळे पत्राचा खप वाढला, हे खरे. तथापि ज्यांची नावे वर्तमानपत्रात कधीच येत नसत, अशा माणसांना आपले नाव छापलेले प्रथमच पाहावयास मिळाले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची होय.

१८८७ मध्ये नेली ब्लाय (मूळ नाव एलिझाबेथ कॉक्रन) या तरुण महिला बातमीदाराने वेडाचे सोंग घेऊन ब्लॅकवेल बेटावरील स्त्रियांच्या वेड्यांच्या इस्पितळात प्रवेश मिळविला. दहा दिवस तेथे राहून तिने निकृष्ट अन्न, थंड पाण्याची स्नाने, परिचारिकांची मारहाण आणि वेड नसतानाही केवळ इंग्रजी बोलता येत नसल्यामुळे कोंडून ठेवलेल्या परदेशी स्त्रिया यांचे वर्णन लिहिले. त्यानंतर चौकशी झाली आणि इस्पितळांच्या व्यवस्थेसाठी शहराने अनुदान वाढविले. १४ नोव्हेंबर १८८९ ते २५ जानेवारी १८९० या काळात तिने ७२ दिवसांत केलेली पृथ्वीप्रदक्षिणाही याच पत्राच्या वतीने होती. तिच्या प्रवासाचा नेमका काळ ओळखण्याची स्पर्धा पत्राने वाचकांसाठी ठेवली होती. इस्पितळाचा वृत्तांत व जगप्रवास या दोन्ही गोष्टींत लेखिका एकच होती. परंतु एकीत लोकहित प्रमुख होते, तर दुसरीत मुख्यतः जाहिरात होती.

डिसेंबर १८९० मध्ये पार्क रो भागात या पत्राची नवी वास्तू पूर्ण झाली. जॉर्ज पोस्ट या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला होता. सोनेरी घुमटासह तिची उंची ३०९ फूट होती. ट्रिनिटी चर्चच्या मनोऱ्यास मागे टाकणारी ही शहरातील पहिली इमारत होय. विरोधाभास असा, की याच सुमारास पुलित्झरची दृष्टी जवळजवळ नष्ट झाली व मज्जाविकारामुळे त्याला कोणताही आवाज असह्य होऊ लागला. पत्राच्या दैनंदिन कामातून तो निवृत्त झाला आणि पुढील वीस वर्षे प्रवासातून, बहुधा आपल्या नौकेवरून, पत्रे व तारा पाठवून कारभारावर हुकमत ठेवीत राहिला.

पीतपत्रकारिता : विल्यम रँडॉल्फ हर्स्ट (१८६३–१९५१) याने १८९५ मध्ये ‘न्यूयॉर्क जर्नल’ हे पत्र विकत घेतले आणि पुलित्झरचीच साधने वापरून त्याच्याशी स्पर्धा आरंभिली. ‘वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकाचा संपादक मॉरिल गॉडर्ड याला त्याच्या सहकाऱ्यांसह हर्स्टने अधिक वेतन देऊन आपल्याकडे ओढले. जर्नलची किंमत एक सेंट होती, म्हणून १८९६ मध्ये ‘वर्ल्ड’चीही किंमत एक सेंट करण्यात आली. रविवारच्या रंगीत पुरवणीत रिचर्ड आउटकॉल्ट हा ‘होगन्स अ‍ॅली’ ही चित्रमालिका काढीत असे. गरीब वस्तीतील टक्कल केलेला, पिवळा झगा घातलेला एक मुलगा तीत होता व तो अतिशय लोकप्रिय झाला. १८९६ मध्ये आउटकॉल्टही हर्स्टकडे गेला, तेव्हा ‘वर्ल्ड’ने जॉर्ज लक्स या चित्रकाराकडून तोच मुलगा रेखाटून घेणे चालू ठेवले. एकच पिवळा मुलगा दोन प्रतिस्पर्धी पत्रांतून दिसू लागला आणि त्यावरून अशा प्रकारच्या पत्रकारितेस ‘पीत’ हे विशेषण चिकटले. ‘न्यूयॉर्क प्रेस’ या पत्राचा संपादक अर्विन वॉर्डमन याने १८९७ मध्ये ही संज्ञा रूढ केली.

व्हेनेझुएलाच्या सीमातंट्यावरून १८९५ अखेर ब्रिटनशी युद्ध होण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा ‘वर्ल्ड’ने लोकप्रियता गमाविण्याचा धोका पत्करून युद्धास विरोध केला होता. क्यूबातील स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या उठावाच्या वेळी मात्र जर्नलशी चाललेल्या चढाओढीत तो संयम टिकला नाही. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हॅवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली. स्फोटाचे कारण निश्चित होण्यापूर्वीच दोन्ही पत्रांनी घातपाताचा संशय पसरविणारे मथळे दिले. दोघांचा खप दहा लाखांच्या घरात गेला. या पत्रांमुळेच स्पॅनिश-अमेरिकन युद्ध झाले, असे पूर्वी सर्रास म्हटले जाई. आधुनिक इतिहासकार तसे मानत नाहीत; युद्धाची राजकीय व आर्थिक कारणे अधिक खोलवर होती आणि न्यूयॉर्कबाहेरील लोकमत या दोन पत्रांवर अवलंबून नव्हते, असे ते दाखवून देतात. तथापि सत्यासत्यतेची शहानिशा न करता वृत्त छापल्याचा ठपका त्यामुळे पुसला जात नाही. युद्धानंतर पुलित्झरने स्वतःच आपले पत्र या स्पर्धेतून हळूहळू मागे घेतले.

या स्पर्धेचा भार कोणावर पडला, हे १८९९ च्या संपावरून कळते. रस्त्यावर पत्रे विकणाऱ्या मुलांना शंभर प्रतींमागे ५० सेंट द्यावे लागत. युद्धकाळात तो दर ६० सेंट करण्यात आला. युद्ध संपल्यावर अन्य पत्रांनी दर पूर्ववत केला. ‘वर्ल्ड’ व जर्नल यांनी केला नाही. न खपलेल्या प्रतीही ती परत घेत नसत. त्यामुळे जुलै १८९९ मध्ये मुलांनी दोन्ही पत्रांवर बहिष्कार टाकला. सुमारे दोन आठवडे हा संप चालला व त्यात ‘वर्ल्ड’चा खप बराच घसरला. अखेर वाढीव दर कायम राहिला. परंतु न खपलेल्या प्रती परत घेण्याचे मालकांनी मान्य केले. गरिबांचा कैवार घेणाऱ्या पत्राला गरिबांच्याच मुलांनी नमविले, ही या पत्राच्या इतिहासातील एक बोलकी घटना होय.

प्रतिष्ठेचा काळ : १९०४ मध्ये फ्रँक कॉब (१८६९–१९२३) अग्रलेख विभागात दाखल झाला. त्याच्या लेखणीने पत्रास वैचारिक दर्जा प्राप्त करून दिला. १९०५ मध्ये इक्विटेबल या विमा कंपनीतील गैरव्यवहारांचा या पत्राने केलेला पाठपुरावा विधिमंडळाच्या चौकशीस कारणीभूत झाला व त्यातून विमाधारकांना संरक्षण देणारे कायदे झाले.

१९०८ मध्ये पनामा कालव्याच्या खरेदीबाबत ‘वर्ल्ड’ने प्रश्न उपस्थित केला. फ्रेंच कंपनीस देण्यात आलेले चार कोटी डॉलर प्रत्यक्षात कोणास मिळाले, असा तो प्रश्न होता व त्यात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आप्ताचेही नाव आले. रूझवेल्ट यांनी काँग्रेसला संदेश पाठवून हा देशाचा अवमान असल्याचे म्हटले आणि पुलित्झरवर संघराज्याच्या वतीने अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरविला. सरकारी जागेत पत्राच्या प्रती वाटल्या गेल्या, एवढ्याच आधारावर संघीय न्यायालयात असा खटला चालू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी १९११ रोजी एकमताने दिला. राष्ट्राध्यक्षांनी आपल्या टीकाकारास संघीय न्यायालयात खेचण्याची वाट त्यामुळे बंद झाली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी चार्ल्स्टनच्या बंदरात आपल्या ‘लिबर्टी’ या नौकेवर पुलित्झरचे निधन झाले. कोलंबिया विद्यापीठास त्याने दिलेल्या देणगीतून १९१२ मध्ये वृत्तविद्या-विद्यालय सुरू झाले व १९१७ पासून पुलित्झर पारितोषिके देण्यात येऊ लागली.

त्याचा मुलगा रॅल्फ पुलित्झर याच्या कारकीर्दीत १९१३ मध्ये ‘अचूकता व न्याय्य वर्तन कार्यालय’ स्थापन झाले. वाचकांच्या तक्रारी नोंदविणे, चुकीच्या वृत्ताचे मूळ शोधणे व दुरुस्ती छापणे हे त्याचे काम होते. एके काळी सनसनाटीबद्दल बदनाम झालेल्या पत्राने हा पायंडा पाडला, हे उल्लेखनीय आहे. २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारच्या अंकात आर्थर विन याने रचलेले चौकटीच्या आकाराचे शब्दकोडे प्रसिद्ध झाले. आज मराठी वृत्तपत्रांतही नियमितपणे आढळणाऱ्या शब्दकोड्याचा उगम तेथे आहे.

हर्बर्ट बेयर्ड स्वोप (१८८२–१९५८) हा १९२० मध्ये कार्यकारी संपादक झाला. अग्रलेखासमोरचे पान स्वतंत्र मते मांडणाऱ्या स्तंभलेखकांना देण्याची कल्पना त्याची. हेवुड ब्राऊन, फ्रँक्लिन अ‍ॅडम्स, अलेक्झांडर वुलकॉट हे लेखक या पानामुळे देशभर गाजले. सप्टेंबर १९२१ मध्ये सलग २१ दिवस या पत्राने कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या गुप्त संघटनेच्या अंतर्गत कारभाराची व अत्याचारांची माहिती छापली. अन्य शहरांतील पत्रांनीही ती लेखमाला घेतली व काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. या कार्याबद्दल पत्रास १९२२ चे लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मात्र या प्रसिद्धीमुळे संघटनेची सभासदसंख्या काही काळ वाढलीच. दुष्कृत्य उघडकीस आणले, की ते आपोआप थांबते असे नाही, हे त्यावरून दिसून आले. फ्लॉरिडात कैद्यांना खाजगी मालकांकडे मजुरीस देण्याच्या क्रूर पद्धतीविरुद्धची मोहीम अधिक फलदायी ठरली व तिला १९२४ चे पारितोषिक मिळाले. कॉबच्या मृत्यूनंतर वॉल्टर लिपमन (१८८९–१९७४) याच्याकडे अग्रलेखांचे पान आले.

ऱ्हास व अस्त : वैचारिक प्रतिष्ठेच्या या शिखरावर असतानाच पत्राची आर्थिक स्थिती ढासळत होती. गंभीर वाचक ‘टाइम्स’कडे वळला होता, केवळ करमणूक हवी असलेला वाचक १९१९ मध्ये निघालेल्या ‘डेली न्यूज’ या सचित्र, लहान आकाराच्या पत्राने ओढून घेतला. पुलित्झरने ज्या दोन वाचकवर्गांना एका पत्रात एकत्र आणले होते, ते असे विभागले गेले. १९२५ मध्ये पत्राची किंमत दोनवरून तीन सेंट करण्यात आली. प्रतिस्पर्धी पत्रांनी तसे न केल्याने खप घटला. छपाईची यंत्रसामग्री व वृत्तसंकलन यांवर पुरेसा खर्च झाला नाही. नफा मात्र कुटुंबियांत वाटला जात राहिला. १९२७ मध्ये साको व व्हान्झेट्टी यांच्या फाशीविषयी लिहिण्यावरून ब्राऊनचे व्यवस्थापनाशी मतभेद झाले व पुढील वर्षी त्याला काढण्यात आले. स्वोपही निघून गेला. १९२९ नंतरच्या महामंदीत जाहिरातींचे उत्पन्न घटले आणि १९३० चा तोटा सु. १७ लाख डॉलरपर्यंत गेला.

‘वर्ल्ड’चे भाग कोणत्याही परिस्थितीत विकू नयेत, असे पुलित्झरच्या मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले होते. खाजगी लाभापेक्षा मोठ्या हेतूने चालविलेली संस्था म्हणून पत्र टिकावे, अशी त्याची इच्छा होती. मुलांनी न्यायालयाकडे विक्रीची परवानगी मागितली. मृत्युपत्रातील बंदी कंपनीच्या भागांपुरती आहे, तिच्या मालमत्तेस ती लागू नाही. शिवाय वारसांच्या चरितार्थाची तरतूद हा दात्याचा मुख्य उद्देश असून तोट्यामुळे तोच नष्ट होत आहे, असा अर्थ न्यायाधीश जेम्स फोली यांनी लावला. पत्रातील कर्मचाऱ्यांनी स्वतः पैसे उभारून पत्र विकत घेण्याचा प्रयत्न केला. पण त्यास यश आले नाही. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी शेवटचा अंक निघाला. ५० लाख डॉलरच्या मोबदल्यात स्क्रिप्स-हॉवर्ड या वृत्तपत्रसमूहाने ही पत्रे घेतली व सु. २,८०० लोक बेकार झाले. सकाळचा व रविवारचा अंक बंद करण्यात आले आणि सायंदैनिक ‘टेलिग्राम’मध्ये विलीन होऊन ‘वर्ल्ड-टेलिग्राम’ असे नाव झाले. १९५० मध्ये त्यात ‘सन’ हे पत्र मिळाले. १९६६ मध्ये आणखी एका विलीनीकरणातून ‘वर्ल्ड जर्नल ट्रिब्यून’ निघाले. पुलित्झर व हर्स्ट यांच्या पत्रांची नावे त्यात शेजारी शेजारी आली. परंतु मे १९६७ मध्ये तेही बंद पडले.

अवशेष व मूल्यमापन : पार्क रोवरील इमारत ब्रुकलिन पुलाच्या रस्त्यासाठी १९५५ मध्ये पाडण्यात आली. तीमधील स्वातंत्र्यदेवतेचे रंगीत काचचित्र कोलंबियाच्या वृत्तविद्या-विद्यालयात जतन केलेले आहे. या पत्राने १८६८ मध्ये सुरू केलेले व पुलित्झरने १८८६ मध्ये पुनरुज्जीवित केलेले ‘वर्ल्ड अ‍ॅल्मनॅक’ हे वार्षिक संदर्भपुस्तक मूळ पत्राच्या अस्तानंतरही दीर्घकाळ प्रसिद्ध होत राहिले. अंकांच्या बाबतीत मात्र परिस्थिती वेगळी होती. अमेरिकन ग्रंथालयांनी जागेच्या अडचणीमुळे मूळ कागदी संच सूक्ष्मपटावर उतरवून टाकून दिले. सूक्ष्मपट कृष्णधवल असल्याने ज्या रंगांसाठी हे पत्र प्रसिद्ध होते, तेच त्यात नाहीसे झाले. ब्रिटिश लायब्ररीने आपला बांधीव संच १९९९ मध्ये विकावयास काढला, तेव्हा निकोलसन बेकर या अमेरिकन लेखकाने तो खरेदी करून वाचविला. २००४ मध्ये तो ड्यूक विद्यापीठाकडे सुपूर्द करण्यात आला.

‘वर्ल्ड’चा इतिहास वृत्तपत्राच्या मालकीचा मूलभूत प्रश्न पुढे आणतो. वाचकांच्या एकेका सेंटावर उभे राहिलेले आणि लोकांच्या विश्वासावर चाललेले पत्र कायद्याच्या दृष्टीने एका कुटुंबाची मिळकतच राहिले. संस्थापकाची इच्छा त्याचे रक्षण करू शकली नाही. कारण त्या इच्छेमागे पत्र चालविण्याची पुरेशी व्यवस्था उभी केलेली नव्हती. सेंट लूइसचे ‘पोस्ट-डिस्पॅच’ पुलित्झरचा दुसरा मुलगा जोसेफ याने लक्षपूर्वक चालविले व ते टिकले, ही तुलना येथे उद्बोधक ठरते. पुलित्झरच्या नावाची पारितोषिके आज सर्वपरिचित आहेत. त्यांचा निधी ज्या पत्राच्या मिळकतीतून आला, त्या पत्राची ओळख मात्र प्रामुख्याने अभ्यासकांपुरती उरली आहे.